आई-बाबा, पुण्याची नोकरी मी स्वीकारली आहे

पुणे, जून २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, माझी प्रकृती उत्तम आहे. हे सगळे फोनवर बोलता आले असते, पण फोनवर बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आईचा आवाज जड झाला की माझे पुढचे वाक्य तोंडातच राहते. म्हणून एका बैठकीत, सावकाश लिहीत आहे. खराडीतल्या एका कंपनीत कनिष्ठ डेटा अ‍ॅनालिस्ट, म्हणजे आकड्यांची माहिती तपासून तिचा अर्थ लावणारी, म्हणून मला नोकरी मिळाली असून ती मी स्वीकारली आहे. नेमणुकीच्या पत्रावर सही करून पाठवलीही आहे आणि १ जुलैला रुजू व्हायचे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातली तासिका तत्त्वावरची जागा मी घेणार नाही, हे मामांना मी स्वतः कळवले. त्यांनी माझ्यासाठी तिथे शब्द टाकला होता, त्यामुळे त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळणे योग्य नव्हते. मामा रागावले नाहीत. "तुझ्या बाबांना नीट समजावून सांग, ते बोलून दाखवणार नाहीत," एवढेच म्हणाले.

बाबा, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असे तुम्ही नेहमी सांगता, आणि हे पत्र वाचताना तेच तुमच्या मनात येईल हे मला ठाऊक आहे. पण तासिकेची जागा खरोखर हातची होती का, याचा विचार शांतपणे करून पाहा. जेवढे तास शिकवले तेवढ्यांचेच मानधन, तेही बिले मंजूर होतील तेव्हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी मुलाखत, नवा आदेश. कायमस्वरूपी भरती होईल या आशेवर तिथे माझ्या आधीच्या तुकडीतल्या दोघीजणी अजून थांबल्या आहेत. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, कारण शिकवणे हे काम मला मनापासून आवडते. तरीही ती वाट धरली असती तर दर जूनमध्ये तुम्हाला माझी काळजी नव्याने करावी लागली असती.

इथे पहिले सहा महिने परिविक्षेचे, म्हणजे काम पारखण्याचे, आहेत. भविष्यनिर्वाह निधी कापून हातात सुमारे चोवीस हजार रुपये येतील, आणि काम समाधानकारक राहिले तर सहा महिन्यांनी त्याचा फेरविचार होईल. रक्कम फार मोठी नाही हे मान्य आहे. पण दर महिन्याला ती ठरल्या तारखेला येईल, आणि आई, मुख्य म्हणजे या नोकरीसाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागलेला नाही. अनामत नाही, बंधपत्र नाही, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतलेली नाहीत. तू पहिला प्रश्न हाच विचारशील म्हणून आधीच सांगते.

वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीला आकड्यांचे काम कोण देणार, असे बाबांनी दिवाळीत विचारले होते. प्रश्न रास्तच होता. या क्षेत्रातल्या जाहिराती वाचल्या तर नवख्यांसाठी असलेल्या जागेलाही एक ते तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो, आणि पहिला अनुभव मिळायचा कुठे याचे उत्तर जाहिरातीत नसते. सुरुवातीच्या माझ्या बहुतेक अर्जांना उत्तरही आले नाही. मग जिथे जिथे निवड झालेल्या मुली मला भेटल्या, तिथे तिथे मी एकच गोष्ट विचारत गेले की तुमच्याकडे अनुभव नव्हता, तर मुलाखत घेणाऱ्यांनी तुमच्यात नेमके काय पाहिले. जवळपास सगळ्यांचे उत्तर सारखे निघाले. त्यांनी स्वतः काहीतरी करून दाखवले होते, आणि त्यातली प्रत्येक पायरी का केली हे त्यांना सांगता येत होते. काही जणी एमआयएस एक्झिक्युटिव्ह या पदावरून आत शिरल्या होत्या. रोजचे विक्रीचे किंवा साठ्याचे अहवाल एक्सेलमध्ये तयार करण्याचे ते काम असते. त्याला फारसा मान मिळत नाही, पण कंपनीचे आकडे प्रत्यक्षात किती विस्कळीत असतात ते तिथेच कळते. मीही तशा जागांसाठी अर्ज केले होते आणि त्यात कमीपणा मानला नव्हता.

शिकण्याचा क्रमही त्यावरूनच ठरवला. आधी एक्सेल पक्के केले, माहितीचा गोषवारा काढणारे पिव्होट टेबल आणि एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणारे लुकअप यांसकट. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे मोठ्या साठ्यातून हवी तेवढीच माहिती मागवण्याची भाषा, आणि मग पॉवर बीआय, ज्यात त्या माहितीचे आलेख बनतात. पायथॉन ही संगणकाची भाषा जेवढ्यास तेवढी शिकले. पहिल्या नोकरीसाठी आधीच्या तिन्ही गोष्टींवर हात बसलेला असावा, बाकीचे काम करता करता येते, असे माझे मत झाले आहे. पॉवर बीआयची संगणकावरची आवृत्ती मोफत मिळते, एसक्यूएलचा सराव करायलाही पैसे लागत नाहीत, आणि कोर्सेरा या ऑनलाइन शिकण्याच्या संकेतस्थळावरच्या गूगलच्या अभ्यासक्रमासाठी मी आर्थिक सवलतीचा अर्ज केला होता, तो मंजूर झाला. आई, त्या क्लासच्या शुल्कासाठी तू पोत मोडायला निघाली होतीस. मी तेव्हा "नको" म्हणाले ते तुला तुटक वाटले असेल, पण ती पोत घरातून एकदा जाऊन परत आलेली आहे, ती पुन्हा जाऊ द्यायची नाही हे मी मनाशी ठरवले होते.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती तुम्हा दोघांची आहे.

करून दाखवायचे म्हटल्यावर बहुतेक जण इंटरनेटवर तयार मिळणारी माहिती घेतात. टायटॅनिक जहाजावरच्या प्रवाशांची यादी तर इतक्यांनी वापरली आहे की मुलाखत घेणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली असेल. मला अशी माहिती हवी होती जिच्यातला खाचखळगा मला कोणाला न विचारता कळेल. तेव्हा आठवल्या त्या बाबांच्या कांदापट्ट्या, बाजारात कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या. दाराआडच्या खुंटीला तारेत ओवून ठेवलेल्या. दिवाळीत मी ओसरीवर बसून त्यांचे फोटो काढत होते तेव्हा बाबा म्हणाले होते, "त्या रद्दीत काय शोधतेस?" मी त्यातून तारीख, माल लाल की उन्हाळ की गोल्टी (बारीक कांदा), वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात आलेली रक्कम असे रकाने पाडून सगळी नोंद केली. जुन्या पट्ट्यांवरची शाई उडालेली होती, त्या खिडकीपाशी उन्हात धरून वाचाव्या लागल्या. त्यांत आडतीचा, म्हणजे आडत्याच्या दलालीचाही रकाना होता. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, आणि पुढे आपल्या पट्ट्यांतला तो रकाना कोरा होत गेला. एक सरकारी निर्णय आपल्या दाराआडच्या तारेत असा स्पष्ट दिसतो, हे पाहून मला फार बरे वाटले.

त्याच्या जोडीला मी कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून लासलगावची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर घेतले. तिथे लासलगाव वेगळे, लासलगाव - विंचूर वेगळे आणि लासलगाव - निफाड वेगळे. आपला माल कोणत्या आवारात गेला हे पट्टीवरून ठरवून मगच जुळणी करावी लागली. जुळणी करताना एका बाजूला तुमच्या पट्ट्या ठेवायच्या आणि दुसऱ्या बाजूला बाजाराचे दर, आणि तारीख जुळेल तिथे दोन्ही ओळी एकत्र आणायच्या. ही जुळणी दोन प्रकारे होते. एका प्रकारात ज्या तारखेचा बाजारदर मिळत नाही ती तुमची पट्टीच यादीतून गळून जाते. दुसऱ्या प्रकारात पट्टी राहते आणि दराची जागा रिकामी दिसते. मी दुसरा प्रकार घेतला, कारण तुम्ही विकलेला माल नोंद नाही म्हणून विकला गेलाच नाही असे कसे म्हणता येईल?

सरासरीचेही तसेच. समजा वीस क्विंटल चांगला माल १,८०० रुपयांनी गेला आणि दोन क्विंटल गोल्टी ६०० रुपयांनी. दोन भावांची नुसती सरासरी काढली तर १,२०० येते, पण वजन धरून हिशेब केला तर सुमारे १,६९१ रुपये पडतात. आई, हे तू बचतगटाच्या वहीत तोंडी केले असतेस. मला मात्र मुलाखतीच्या वेळी कळले की शिकूनसवरून आलेले उमेदवारही इथे चुकतात. चाळीत साठवून ठेवलेल्या कांद्याचा हिशेब तर मी वेगळ्याच पद्धतीने मांडला. सप्टेंबरात मिळालेला भाव विकलेल्या क्विंटलवर पाहिला तर थांबण्यात बहुधा फायदाच दिसतो. पण एप्रिलमध्ये चाळीत जेवढा भरला होता तेवढ्या मालावर तीच रक्कम वाटली की सडलेला, कोंब आलेला आणि वजनात घटलेला माल हिशेबात येतो. तसे पाहिल्यावर काही वर्षी थांबणे फायद्याचे ठरलेले दिसले, काही वर्षी नाही.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला कोणी कधी सांगितली नसेल, ती मी सांगते. ज्या दिवशी तुम्ही माल नेला त्या बहुतेक दिवशी तुम्हाला मिळालेला भाव बाजाराच्या सर्वसाधारण दरापेक्षा वर आहे. तुम्ही रात्री बॅटरीच्या उजेडात बसून खाद (खराब कांदा) आणि गोल्टी वेगळी काढता, आई ओरडते की आता झोपा, आणि तरी तुम्ही उठत नाही. त्या निवडीचे मोल त्या आलेखात स्वच्छ दिसते. तो आलेख मी छापून घेतला आहे, पुढच्या खेपेला आणीन.

मुलाखतीत तीनजण होते. त्यांनी माझा आलेख पडद्यावर लावला आणि त्यातल्या एक बाई ऑगस्ट २०२३ च्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथली माहिती हरवली का?" मी म्हटले, हरवलेली नाही, त्या दिवशी लिलावच झाले नाहीत. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि पुढचे काही दिवस नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद राहिले. तिथे शून्य भरले असते तर भाव शून्यावर आला असा अर्थ झाला असता आणि महिन्याची सरासरी खोटी पडली असती, म्हणून जागा रिकामी ठेवली. मग त्यांनी डिसेंबरातला उतार दाखवला. ८ डिसेंबर २०२३ पासूनची निर्यातबंदी मी सांगितली, ती पुढे ४ मे २०२४ ला उठली हेही सांगितले. तुम्हाला ही माहिती कुठून मिळाली, असे त्यांनी विचारले. मी एवढेच म्हणाले की त्या ऑगस्टमध्ये आमचा भरलेला ट्रॅक्टर बाजाराच्या वाटेवरून परत आला होता. त्यापुढे माझ्याच्याने बोलवेना, आणि त्या बाईंनीही पुढचा प्रश्न थोडा थांबून विचारला. ही कंपनी शेतमालाची साठवण आणि वाहतूक करते, त्यामुळे मला काय येते ते त्यांना लगेच समजले. एसक्यूएलची चाचणीही झाली. ती बरी गेली, पण माझी निवड त्या पट्ट्यांवर झाली असे मी मानते. म्हणून बाबा, "आम्ही तुला काही देऊ शकलो नाही" हे वाक्य आता पुन्हा म्हणायचे नाही.

यंत्र आता सगळे आपोआप करणार आणि अशा नोकऱ्या राहणार नाहीत, हे वर्तमानपत्रातले कात्रण बाबांनी मला पाठवले होते. ते मी जपून ठेवले आहे आणि त्यावर विचारही केला आहे. एसक्यूएलची साधी वाक्ये यंत्र आज लिहून देते, मीही त्याची मदत घेते. उद्या काय होईल हे छातीठोकपणे सांगणार नाही. पण रिकाम्या जागेत शून्य भरायचे की नाही, हे ठरवायला त्या दिवशी बाजारात काय झाले ते माहीत असावे लागते. तेवढे मी शिकत राहीन, आणि काम बदलले तर मीही बदलीन.

आता राहण्याजेवणाचे सांगते, म्हणजे आईला झोप लागेल. वडगाव शेरीत मुलींच्याच इमारतीत खोली घेतली आहे. बरोबर दोघी आहेत, एक परभणीची आणि एक कराडची. दोघीही नोकरी करतात आणि रात्री अकराला दिवा बंद करतात. खिडकी पूर्वेला आहे, पाणी सकाळ-संध्याकाळ येते, आणि मालकीण बाई खालीच राहतात. सकाळचे आम्ही स्वतः करतो आणि संध्याकाळी डबा येतो. डब्यातल्या पोळ्या तुझ्यासारख्या नसतात, पण शुक्रवारी बाजरीची भाकरी असते. तू दिलेले शेंगदाण्याचे कूट आणि तिखट अजून पुरते आहे. खराडीला बसने जाता येते आणि उशीर झाला तर कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते, हे मी सही करण्याआधी विचारून घेतले. मी उपाशी राहत नाही, पंखा डोक्यावर घेऊन झोपत नाही आणि ओल्या केसांनी बाहेर जात नाही.

तुम्हा दोघांपासून दूर राहण्याचे मला सोपे वाटते असे समजू नका. परवा वेळेआधीच पाऊस सुरू झाला तेव्हा पहिला विचार चाळीचा आला. लहानपणी ट्रॉलीवर कांद्याच्या ढिगावर बसून मी लासलगावला यायचे, ऊन वर आले की बाबा आपली टोपी माझ्या तोंडावर ठेवायचे, आणि परतताना पट्टी माझ्या हातात देऊन "वाच बरं" म्हणायचे. मी आकडा वाचला की "पुन्हा वाच" म्हणायचे. मला तेव्हा वाटायचे की माझे वाचन तपासत आहेत. घरी आल्यावर आई गरम पाण्याने माझे पाय धुवायची आणि आज किती, हे बाबांना न विचारता मला विचारायची. मी सांगितलेल्या आकड्यावरून त्या महिन्याचे सगळे ठरायचे, हे मला फार उशिरा कळले.

आता मी सांगते ते दोघांनी निमूटपणे ऐकायचे आहे. बाबांनी साखरेची तीन महिन्यांची तपासणी, ती एचबीएवनसी म्हणतात तीच, पेरणीच्या आधी करून घ्यायची. नुसती उपाशीपोटीची साखर बघून "ठीक आहे" म्हणायचे नाही, ती एका सकाळचे सांगते आणि ही तीन महिन्यांचे. शेतात अनवाणी जाणे बंद. रोज रात्री पायाचे तळवे आईने बघायचे, कारण साखरेच्या माणसाला लागलेले कळत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदाही तपासायचा आहे, तो यंदा राहिला आहे. आई, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी खाली बसायचे नाही असे सांगितले आहे, तेव्हा भाकरी ओट्यावरच करायच्या. दादा पुढच्या आठवड्यात उंच पाट बसवून देणार आहे, त्याला "राहू दे" म्हणायचे नाही. मला पैसे पाठवायचे नाहीत. उलट ऑगस्टपासून औषधांचे मी पाठवीन, ते दादाच्या हप्त्यात घालायचे नाहीत.

काकांना सांगा की बाळूला त्या शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासमध्ये लाखभर रुपये भरून घालू नका. कोणताही क्लास नोकरी लिहून देऊ शकत नाही. तो बी.कॉम. आहे, जीएसटी त्याला येते, त्याच हिशेबांवर त्याने एक्सेलपासून सुरुवात करावी. रविवारी एक तास मी त्याला फोनवर शिकवीन, पण त्याने आधी सराव करून बसले पाहिजे. आणि माझ्या कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी नोंदणीचे किंवा गणवेशाचे पैसे मागितले, तर फोन ठेवून लगेच मला कळवा.

लग्नाचे तुम्ही पाहत आहात, त्याला माझी ना नाही. फक्त जिथे बोलणे होईल तिथे मुलगी पुण्यात नोकरी करते आणि करत राहणार आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगा, म्हणजे पुढे कोणाचाच अपमान होणार नाही. आई, तू यावर रात्रभर विचार करत बसू नकोस.

गणपतीला मी येते. त्याआधी दर शनिवारी संध्याकाळी फोन करीन, आणि आधी बाबांशी बोलेन, तेव्हा फोन आईकडे द्यायची घाई करायची नाही. तपासणीचा कागद दुमडून खिशात न ठेवता दादाला त्याचा सरळ, उजेडात फोटो काढून पाठवायला सांगा. आकडा मी स्वतः वाचणार आहे.

तुमची लाडकी,
शकू